संगणक फॉरमॅट केल्यावर दूरचित्रवाणीचे रेकॉर्डिंग का उघडत नाही?

संगणक मंदावला, त्यात व्हायरस शिरला किंवा विंडोज सुरूच होईनाशी झाली, की सोलापुरातील दुरुस्तीच्या दुकानात बहुधा एकच सल्ला मिळतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट करायचा, विंडोज नव्याने टाकायची आणि डी ड्राइव्हला हात लावायचा नाही. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत, यूपीएस दम धरीपर्यंत संगणक बंद करण्याची घाई करावी लागे, तेव्हा तर हा प्रसंग घरोघरी वर्षातून एकदा तरी येई. सल्ला चुकीचा नाही. डी ड्राइव्हमधील छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती आणि पत्रव्यवहार सारे सुखरूप राहते.

अपवाद आहे तो संगणकातच रेकॉर्ड केलेल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांचा. फाइल डी ड्राइव्हमध्ये जागच्या जागी असते. तिचे नाव दिसते, दोन-तीन गिगाबाइटचा आकारही दिसतो, आणि तरीही ती लागत नाही. पडद्यावर संदेश येतो तो अशा आशयाचा : प्रक्षेपकाने किंवा निर्मात्याने घातलेल्या निर्बंधांमुळे हा कार्यक्रम या संगणकावर दाखवता येत नाही. संगणक तर तोच असतो. तेच कॅबिनेट, तीच हार्डडिस्क, तेच टीव्ही ट्यूनर कार्ड. मात्र फाइलला लावलेल्या कुलपाच्या दृष्टीने तो संगणक आता परका झालेला असतो.

किल्ली सी ड्राइव्हमध्ये

हा प्रकार प्रामुख्याने विंडोज मीडिया सेंटर या सॉफ्टवेअरमध्ये अनुभवास आला. ‘विंडोज एक्सपी मीडिया सेंटर एडिशन’ २००२ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. पुढे व्हिस्टाच्या होम प्रीमियम व अल्टिमेट आवृत्त्यांत आणि २००९ मधील विंडोज सेव्हनच्या बहुतेक आवृत्त्यांत मीडिया सेंटरचा समावेश झाला. भारतात स्वस्त संगणकांबरोबर येणाऱ्या होम बेसिक आवृत्तीत मात्र ते नव्हते. मीडिया सेंटर दूरचित्रवाणीचे कार्यक्रम प्रथम डीव्हीआर-एमएस आणि नंतर डब्ल्यूटीव्ही या प्रकारच्या फायलींत साठवी. येणाऱ्या संकेतात प्रत-संरक्षणाची खूण आढळली, तर फाइल कूटबद्ध करूनच लिहिली जाई. खूण नसेल तर फाइल उघडी राही आणि कोणत्याही संगणकावर लागे.

कूटबद्ध फाइल वाचण्यासाठी परवाना लागतो, आणि त्या परवान्यात किल्ली असते. हा परवाना फाइलच्या शेजारी ठेवलेला नसतो. तो विंडोजच्या आतल्या, सहसा लपवलेल्या फोल्डरात असतो. एक्सपीत ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’मधील ‘ऑल युजर्स’ विभागात डीआरएम नावाचे फोल्डर असे. विंडोज सेव्हनमध्ये ‘प्रोग्रॅमडेटा’च्या आत प्लेरेडी नावाचे फोल्डर आहे. दोन्ही सी ड्राइव्हवर. फॉरमॅट करताना जी वस्तू निश्चित पुसली जाते, नेमकी तिच्यातच किल्ली. ‘डेटा डी मध्ये आहे’ हे खरे, परंतु तो वाचण्याचा अधिकार सी मध्ये होता, हे दुकानदाराला आणि ग्राहकाला कोणीच सांगितलेले नसते.

फोल्डरची नक्कल आधीच काढून ठेवली तर काम भागेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण रचना करणाऱ्यांनी तीही वाट अडवली. विंडोज पहिल्यांदा संरक्षित फाइल हाताळते तेव्हा ती त्या यंत्रापुरती, त्या प्रतिष्ठापनेपुरती एक गुप्त ओळख निर्माण करते. सर्व परवाने त्या ओळखीला बांधलेले असतात. विंडोज नव्याने टाकली की नवी ओळख तयार होते. जुना परवाना जुन्या ओळखीच्या नावे असल्याने तो जागेवर आणून ठेवला तरी बऱ्याचदा निरुपयोगी ठरतो. काहींना त्याच यंत्रावर ही युक्ती साधल्याचे सांगितले जाते, परंतु तिच्यावर विसंबून फॉरमॅट करणे धोक्याचे. मदरबोर्ड बदलल्यावर तर ती आशाही सोडावी.

विकत घेतलेली गाणी आणि घरी केलेले रेकॉर्डिंग यांतला फरक येथे लक्षात घ्यावा. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या संरक्षित गाण्याचा परवाना विक्रेत्याच्या सर्व्हरवरून येई. संगणक बदलला तर ग्राहक विक्रेत्याकडे पुन्हा परवाना मागू शके, अर्थात तो सर्व्हर चालू असेतोवर. मायक्रोसॉफ्टने एप्रिल २००८ मध्ये आपल्या एमएसएन म्युझिकच्या ग्राहकांना ऑगस्टअखेर ही सोय बंद होईल असे कळवले, तेव्हा एवढी टीका झाली की कंपनीला मुदत वाढवावी लागली. दूरचित्रवाणीच्या रेकॉर्डिंगला असा विक्रेताच नसतो. परवाना संगणकाने स्वतःच स्वतःला दिलेला असतो. त्याची नोंद वाहिनीकडे नाही, केबलचालकाकडे नाही, मायक्रोसॉफ्टकडेही नाही. म्हणून मदतकेंद्राला दूरध्वनी करून हाती काही लागत नाही. देणाराच पुसला गेला, तर मागायचे कोणाकडे?

आधी खात्री करावी

फाइल न लागण्याचे प्रत्येक कारण कुलूप हेच असते असे नाही. सामान्य वापरकर्ता तीन निरनिराळ्या अडचणींना एकच समजतो, आणि कित्येकदा वाचवता येण्याजोगी फाइल पुसून टाकतो.

पहिली अडचण कोडेकची. मीडिया सेंटरचे रेकॉर्डिंग एमपेग-टू या पद्धतीचे असते आणि साध्या एक्सपीत ते उलगडणारा घटक नसे. विंडोज एटपासून तो पुन्हा मुख्य प्रणालीतून काढला गेला. अशा वेळी आवाज येतो पण चित्र येत नाही, किंवा प्लेअर फाइलचा प्रकारच ओळखत नाही. व्हीएलसीसारखा मोफत प्लेअर टाकला की अशा बहुतेक असंरक्षित फायली लागतात. दुसरी अडचण मालकीहक्काची. एनटीएफएस पद्धतीच्या ड्राइव्हवर जुन्या वापरकर्त्याच्या खात्याने लिहिलेल्या फायलींना नवी विंडोज ‘प्रवेश नाकारला’ असा संदेश देते. फोल्डरच्या सुरक्षा विभागात जाऊन मालकी स्वतःकडे घेतली की हा प्रश्न सुटतो. येथे मजकूर कूटबद्ध नसतो, नुसता दरवाजा लोटलेला असतो.

तिसरी अडचण खऱ्या कुलपाची. तिची ओळख सोपी आहे. फाइलवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडावे आणि तपशिलाच्या पानावर ‘प्रोटेक्टेड’ या शब्दासमोर होय लिहिले आहे की नाही, ते पाहावे. ‘नाही’ असेल तर प्रयत्न सोडू नये.

याच्याच जवळचा एक जुना प्रकार गाण्यांच्या बाबतीत घडे. विंडोज मीडिया प्लेअरमध्ये सीडीवरील गाणी संगणकात उतरवताना ‘कॉपी प्रोटेक्ट म्युझिक’ नावाचा चौकोन असे. त्यात खूण राहिली असेल तर स्वतः विकत घेतलेल्या भक्तिगीतांच्या सीडीवरून उतरवलेली गाणीही फॉरमॅटनंतर मुकी होत. प्लेअरच्या नवव्या व दहाव्या आवृत्तीत परवान्यांची नक्कल काढण्याची सोय होती. २००६ च्या अकराव्या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली. गाण्यांचे एक बरे होते : सीडी कपाटात असे, गाणी पुन्हा उतरवता येत. एकदा प्रक्षेपित झालेला कार्यक्रम पुन्हा कोठून उतरवणार?

खूण कोण लावतो?

घरी कार्यक्रम रेकॉर्ड करून सवडीने पाहणे हा गुन्हा आहे का, हा वाद अमेरिकेत व्हिडिओ कॅसेटच्या काळातच लढला गेला. सोनीच्या बीटामॅक्स यंत्राविरुद्ध युनिव्हर्सल स्टुडिओने केलेल्या दाव्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी प्रेक्षकाच्या बाजूने कौल दिला. कायद्याने रोखता आले नाही, तेव्हा उद्योगाने तंत्राकडे मोर्चा वळवला. ॲनालॉग चित्रसंकेतात पडद्यावर न दिसणाऱ्या काही रेषा असतात. त्यांत दोन बिटांची सूचना दडवून ठेवता येते. मुक्तपणे प्रत करा, एकदाच प्रत करा, यापुढे प्रत नको, किंवा प्रत कधीच नको, एवढेच तिचे चार अर्थ. मीडिया सेंटर ही सूचना वाचून तिचे पालन करी.

अमेरिकेच्या संपर्क आयोगाने डिजिटल प्रक्षेपणासाठी अशीच खूण मानणे सर्व उत्पादकांवर बंधनकारक करणारा नियम २००३ मध्ये काढला. जुलै २००५ मध्ये तो लागू व्हायचा होता, पण त्याआधीच मे महिन्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने आयोगाला तसा अधिकार नसल्याचे सांगून तो रद्द केला. तरीही मे २००८ मध्ये एनबीसी वाहिनीचे काही कार्यक्रम व्हिस्टा मीडिया सेंटरने रेकॉर्ड करण्यास नकार दिला, आणि प्रक्षेपकाने लावलेल्या खुणा आपण पाळतो असे मायक्रोसॉफ्टने मान्य केले. नियम रद्द झाला होता, आज्ञापालन मात्र स्वेच्छेने चालू होते.

सोलापुरात हे कुलूप उशिरा आले

सोलापूरच्या प्रेक्षकाला हा त्रास अनेक वर्षे जाणवलाच नाही, त्याचे कारण केबलचा जुना ॲनालॉग संकेत. गल्लीतील खांबावरून येणारी काळी वायर थेट टीव्ही ट्यूनर कार्डाला जोडली की मराठी, तेलुगू, कन्नड, हिंदी अशा साऱ्या वाहिन्या संगणकावर दिसत. त्या संकेतात प्रत-संरक्षणाची खूण सहसा नसे, आणि कार्डाबरोबर येणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरला कुलूप लावण्याची हौसही नव्हती. ते सरळ एमपेग फाइल बनवी. डीव्हीडी प्लेअरची वायर कार्डाला लावली, तर मात्र डीव्हीडीतील संरक्षणामुळे चित्र बिघडे किंवा रेकॉर्डिंग नाकारले जाई.

त्यामुळे मकरसंक्रांतीच्या सुमारास श्रीसिद्धेश्वर यात्रेतील नंदीध्वजांची मिरवणूक व संमती कट्ट्यावरील अक्षता सोहळा, आषाढी एकादशीला दूरदर्शनवरून दाखवली जाणारी पंढरपूरची शासकीय महापूजा किंवा घरातल्या मुलीचा गाण्याचा कार्यक्रम ज्यांनी त्या काळात संगणकात उतरवला, त्यांच्या फायली कितीही वेळा विंडोज बदलली तरी आजही लागतील. हार्डडिस्क टिकली पाहिजे, इतकीच अट. दूरदर्शनच्या डीडी डायरेक्ट प्लस या मोफत उपग्रहसेवेचे, जी डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली आणि पुढे फ्री डिश म्हणून ओळखली जाऊ लागली, तेच. तिचा संकेत खुला होता आणि उपग्रह-ट्यूनर कार्डावर तो जसाच्या तसा साठवता येई.

चित्र पालटले ते केबलच्या डिजिटायझेशनने. केंद्र सरकारच्या योजनेतील दुसऱ्या टप्प्याच्या ३८ शहरांत सोलापूरचा समावेश होता आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. जिल्ह्यातील इतर शहरे व खेडी पुढच्या दोन टप्प्यांत, २०१७ पर्यंत, या कक्षेत आली. डिजिटल केबलचा संकेत कूटबद्ध असतो आणि तो सेट टॉप बॉक्समध्येच उलगडतो. ट्यूनर कार्डाला थेट वायर जोडण्याचे दिवस संपले. वाहिन्यांचे पैसे नियमाने गोळा व्हावेत, ग्राहकसंख्या लपू नये, हा डिजिटायझेशनमागचा हेतू रास्तच होता. परंतु घरगुती रेकॉर्डिंगच्या नशिबी काय येणार याची चर्चा त्या काळात फारशी झाली नाही.

आता रेकॉर्डिंग करायचे तर ते बॉक्समध्येच. काही बॉक्समध्ये हार्डडिस्क असते, काहींना पेनड्राइव्ह जोडता येतो. दोन्हींत साठवलेला कार्यक्रम त्या बॉक्सच्या ओळखीने कूटबद्ध केलेला असतो. पेनड्राइव्ह संगणकाला लावला तर फाइल लागत नाही, कित्येकदा ड्राइव्हची मांडणीच संगणकाला वाचता येत नाही. बॉक्स बिघडला आणि कंपनीने तो बदलून दिला की जुने रेकॉर्डिंग नव्या बॉक्सवर उघडत नाही. मीडिया सेंटरच्या वापरकर्त्याला निदान फॉरमॅटची तारीख स्वतः ठरवता येई. बॉक्स कधी बिघडेल, हे कोणाला ठाऊक?

कायदा काय म्हणतो?

भारतातील कायदा या बाबतीत समजला जातो त्यापेक्षा उदार आहे. स्वामित्व हक्क कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपकाला आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षांचा हक्क मिळतो. मात्र कलम ३९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेले ध्वनी अथवा दृश्य मुद्रण हा त्या हक्काचा भंग नव्हे. म्हणजे घरी पाहण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणारा सोलापूरकर काही चोरी करीत नाही.

कुलपासंबंधीचे कलम ६५-अ हे २०१२ च्या दुरुस्तीने आले आणि २१ जून २०१२ पासून अमलात आले. संरक्षणाचा तांत्रिक उपाय मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. पण तो उपाय हक्कभंग करण्याच्या हेतूने मोडलेला असला पाहिजे, अशी अट त्यात आहे. कायद्याने स्पष्टपणे मनाई न केलेल्या कारणासाठी केलेली कृती या कलमाच्या बाहेर ठेवली आहे. अमेरिकेचा १९९८ चा कायदा याहून बराच कडक आहे. तेथे हेतू स्वच्छ असला तरी, ठरावीक सवलती वगळता, कुलूप तोडणे हेच निषिद्ध. आपल्याकडील कलमात एक तरतूद मात्र दुकानदारांनी वाचून ठेवावी अशी आहे. दुसऱ्याला अशा वैध कारणासाठी कुलूप उघडण्यास जो साहाय्य करील, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कारण यांची संपूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

हा उदारपणा कागदावरचा आहे, हेही सांगितले पाहिजे. रेकॉर्डिंग करणे हक्कभंग नाही असे कायदा म्हणतो. ते उघडे ठेवण्याची किंवा यंत्र बदलल्यावर नवी किल्ली देण्याची सक्ती तो कोणावरही करीत नाही. बॉक्सची कंपनी कोणताही नियम न मोडता ग्राहकाच्या दहा वर्षांच्या साठ्यावर पाणी सोडू शकते. आणि या कुलपाने अडतो कोण? बेकायदा सीडी विकणारा आपला माल दुसऱ्याच वाटेने मिळवीत आला. अडतो तो स्वतःच्या घरात, स्वतःच्या यंत्रावर एकच प्रत ठेवणारा.

फॉरमॅट करण्यापूर्वी

जुन्या संगणकात मीडिया सेंटरची रेकॉर्डिंग असतील तर दुकानात नेण्याआधी प्रॉपर्टीजमध्ये संरक्षणाची खूण तपासावी. असंरक्षित फायली निश्चिंतपणे बाहेरील हार्डडिस्कवर उतरवाव्यात. ते करताना बाहेरील डिस्क फॅट-३२ पद्धतीची नाही ना, हे पाहावे, कारण तिच्यावर चार गिगाबाइटहून मोठी फाइल मावत नाही आणि दीड-दोन तासांचे रेकॉर्डिंग ही मर्यादा सहज ओलांडते.

संरक्षित फायलींसाठी फॉरमॅट हा शेवटचा उपाय मानावा. विंडोजची दुरुस्ती, म्हणजे जुन्या प्रतिष्ठापनेवरच तीच आवृत्ती पुन्हा बसवणे शक्य असेल, तर परवाने सहसा शाबूत राहतात. ते जमत नसेल तर आधी संपूर्ण सी ड्राइव्हची प्रतिमा काढावी. विंडोज सेव्हनच्या बॅकअप विभागातच ती सोय आहे. सुट्या फोल्डरची नक्कल आणि ड्राइव्हची प्रतिमा या वेगळ्या गोष्टी आहेत. प्रतिमा त्याच यंत्रावर परत बसवली की जुनी विंडोज तिच्या ओळखीसह उभी राहते. रेकॉर्डिंग बाहेर काढण्याचा खासगी वापरापुरता आणखी एक मार्ग म्हणजे कार्यक्रम लावून त्याचे चित्र व आवाज ॲनालॉग सॉकेटमधून दुसऱ्या यंत्रावर पुन्हा टिपणे. यात दर्जा घसरतो, जितके तास कार्यक्रम तितके तास जातात आणि कडक खूण असेल तर बाहेर जाणाऱ्या संकेतावरही बंधन येऊ शकते.

विंडोज टेनकडे जाणाऱ्यांची वाट याहून अरुंद झाली. जुलै २०१५ मध्ये आलेल्या त्या प्रणालीत मीडिया सेंटर नाही. जुन्या विंडोजवरून तिच्याकडे गेल्यास तेही निघून जाते आणि संरक्षित डब्ल्यूटीव्ही फाइल लावणारे दुसरे साधन मिळत नाही. अशी रेकॉर्डिंग ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी जुना संगणक, विंडोज सेव्हनसह, इंटरनेटची वायर काढून तसाच ठेवलेला बरा.

फॉरमॅट आधीच होऊन गेला असेल तर एक प्रश्न दुकानदाराला अवश्य विचारावा : जुनी हार्डडिस्क फॉरमॅट केली की नवी बसवली? पुष्कळदा डिस्कच बदललेली असते आणि जुनी डिस्क दुकानाच्या खणात पडून असते. ती अजून फिरत असेल तर त्याच मदरबोर्डला पुन्हा जोडून जुनी विंडोज सुरू करता येते आणि तेवढ्यापुरते सारे कार्यक्रम लागतात. डिस्क खरोखर फॉरमॅट झाली असेल, तर तिच्यावर नवे काही लिहिण्यापूर्वी डेटा परत मिळवणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. पुसलेली छायाचित्रे तो काढून देऊ शकेल. परवान्यांची भांडारफाइल अखंड मिळाली तरी ती जुन्या ओळखीलाच बांधलेली असेल, हे पैसे देण्यापूर्वी लक्षात घ्यावे.

सेट टॉप बॉक्स बदलून घेताना हाच नियम उलटा लावावा. जुना बॉक्स चालू स्थितीत असेल, केवळ रिमोट किंवा आवाजाची तक्रार असेल, तर तो परत करण्यापूर्वी त्यातील ठेवण्याजोगे कार्यक्रम एव्ही सॉकेटमधून टिपून घ्यावेत. कंपनीचा माणूस बॉक्स घेऊन गेल्यावर पेनड्राइव्ह हाती उरतो, पण त्यातले काही पाहता येत नाही.